निजलेले जंतू

संस्थेत त्याला सगळे ठिपकेवाला म्हणत. नाव कौतुकानंच पडलं होतं. त्याच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर रंगीत ठिपके वळवळत असत आणि येणारा-जाणारा दोन मिनिटं थांबून ते बघून जाई. तो शिकला होता संगणक. आधीच्या नोकरीत तो गर्दीची मॉडेलं करायचा. नाट्यगृहात आग लागली तर माणसं कुठल्या दारानं पळतील, कुठे चेंगरतील, ते आधीच पडद्यावर दाखवायचं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्याला चार-दोन साधे नियम. शेजाऱ्यावर आदळू नको. दार दिसलं की तिकडे वळ. वरून कोणी हुकूम सोडत नाही. ठिपके आपापल्या नियमानं वागतात आणि त्यातून अख्खी गर्दी उभी राहते. या संस्थेनं त्याला बोलावून घेतलं ते त्यासाठीच. फक्त इथे माणसांच्या जागी फुप्फुसातल्या पेशी होत्या आणि आगीच्या जागी टीबीचा जंतू.

"गर्दी ती गर्दी," तो मुलाखतीत म्हणाला होता. सगळे हसले होते. डॉक्टरबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या.

डॉक्टरबाई तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. रोगानं पोखरलेल्या फुप्फुसांचे पातळ काप काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात त्यांचे केस पिकले होते. पहिल्याच बैठकीत त्या त्याच्या पडद्यासमोर येऊन बसल्या. निळा ठिपका म्हणजे मॅक्रोफेज, शरीरातली जंतू गिळणारी पेशी. लाल ठिपका म्हणजे जंतू. निळा लालला भिडला की लाल नाहीसा होई.

"हा कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

"गिळला ना."

"गिळला. मग?"

"मग मेला."

"गिळणं वेगळं आणि पचवणं वेगळं हो," बाई म्हणाल्या. "हा जंतू महाबिलंदर आहे. गिळला गेला की त्या पेशीच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. पहारेकऱ्याच्याच घरात चोर राहायला यावा, तसं. हे नसेल तर तुमचं फुप्फुस म्हणजे नुसता व्हिडिओ गेम."

त्यानं त्याच दुपारी दुरुस्ती केली. जेमतेम तीन ओळींचं काम. तेव्हाच त्याच्या मनानं घेतलं, की जीवशास्त्र म्हणजे नियमांची यादी. बाई सांगतील, आपण लिहू. बाईंनी त्याला वाचायला दोन जाडजूड पुस्तकं दिली होती. ती त्यानं पडद्याखाली ठेवली. मानेला बरं पडतं, म्हणून.

पुढे बाईंनी आणखी एक नियम घालायला सांगितला. फुप्फुसात जंतूंभोवती पेशींची गाठ बनते. त्या गाठीच्या आत प्राणवायू पोचत नाही. तिथले काही जंतू मग वाढणंच थांबवतात. मरत नाहीत, निजून राहतात. त्यानं तो नियम घातला आणि घोड्यासारखा पळणारा प्रोग्राम एकदम बैलगाडी झाला. निजलेल्या प्रत्येक जंतूचा हिशेब अखेरपर्यंत ठेवावा लागे. त्यातच संचालकांकडे बाहेरचे पाहुणे यायचे ठरलं. मॉडेल त्यांच्यासमोर झरझर पळायला हवं होतं. त्यानं तो नियम तात्पुरता बंद केला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. औषधं सुरू केली की लाल ठिपके विरळ होत जात आणि दोन महिन्यांच्या आसपास पडदा स्वच्छ होई. संचालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि तात्पुरतं कायमचं कसं होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. पुन्हा नियम सुरू करायचं राहून गेलं. बाई विचारत, "निजलेले घातलेत ना?" तो म्हणे, "घातलेत." खोटं वाटत नसे. घातले तर होतेच की त्यानं.

त्याच वर्षी त्याच्या वहिनीला टीबी झाला.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. ती या घरात आली तेव्हा तो शाळेत होता आणि आई नुकतीच गेली होती. त्याच्या वह्यांना कव्हरं वहिनीनं घातली, परीक्षेच्या सकाळी उठवायची ती वहिनीच. दादाचं चष्म्याचं दुकान. वहिनी एका शाळेत गाणं शिकवायची. तिचा आवाज भरलेला आणि दमदार होता. एक ओळ घेतली की ऐकणाऱ्याचाच श्वास संपे, तिचा नाही. ती खोकायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, घसा बसला असेल. वजन उतरलं, संध्याकाळचा ताप येऊ लागला, मग तपासणी झाली. दवाखान्यात सांगितलं, सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही.

सगळे घाबरले. तो नाही घाबरला. उलट, आतून कुठेतरी त्याला महत्त्व आल्यासारखं वाटलं. आता घरात सगळे त्याला विचारत होते. "अरे, तू याच्यावरच काम करतोस ना?" दादा म्हणाला, आणि दादा त्याला काही विचारतोय हेच नवीन होतं.

गोळ्यांनी वहिनीला सळो की पळो करून सोडलं. सकाळी घेतल्या की दुपारपर्यंत मळमळ, तोंडाला चव नाही, सांधे धरलेले, लघवी केशरी. पण दोन महिन्यांत खोकला गेला, चेहऱ्यावर तकाकी आली. थुंकीच्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. शाळेत जायला परवानगी मिळाली. त्या आठवड्यातल्या रविवारी तो जेवायला गेला आणि जेवण झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. कोणी सांगितलं नव्हतं. त्यालाच दाखवायचं होतं.

"हे तुमचं फुप्फुस, वहिनी."

"माझं? एवढं चौकोनी?" ती हसली. दादाही चष्मा कपाळावर चढवून वाकला.

त्यानं सगळं रंगवून सांगितलं. हे पहारेकरी, हे चोर. ही गाठ कशी बनते बघा. आता औषध आलं. लाल ठिपके टपाटप विझू लागले. कोपऱ्यात दिवसांचा आकडा पळत होता. साठीच्या आसपास पडद्यावर लाल असं काही राहिलं नाही.

"संपले?" वहिनीनं विचारलं.

"संपले."

"मग उरलेल्या चार महिन्यांच्या गोळ्या कोणासाठी? या निळ्यांसाठी?"

दादा हसला. तोही हसला. "डॉक्टर लोकांचं तसंच असतं," तो म्हणाला. "ताकसुद्धा फुंकून पितात."

निघताना वहिनी दारापर्यंत आली. तो चपला घालत होता. तिनं हलक्या आवाजात विचारलं, "भाऊजी, खरंच एकही उरत नाही?"

आता हा प्रश्न वेगळा होता. दारात, एकटीनं, आवाज खाली करून विचारलेला. ते त्याच्या लक्षात आलं. पण दुपार छान गेली होती आणि ती त्याला बिघडवायची नव्हती.

"पडद्यावर तर एकही उरला नाही," तो म्हणाला. "पण गोळ्या घ्या हो. नियम तो नियम." आणि असं काही हसला, की त्या शेवटच्या वाक्याचं वजनच गेलं.

पुढे सगळं चांगलं चाललं होतं. वहिनीची मळमळ थांबली, अंगावर मांस आलं. शाळेच्या कार्यक्रमात तिनं मुलींचं समूहगान बसवलं आणि शेवटचं कडवं स्वतः म्हटलं. दादाचे डोळे भरून आले. मध्यंतरी एकदा तो त्यांच्या घरी हात धुवायला गेला असताना आरशामागच्या फळीवर त्याला गोळ्यांची पाकिटं दिसली. एकावर एक रचलेली, एकही न फोडलेली. नवीन आणलेली असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हात पुसले आणि बाहेर येऊन दादाशी दुकानाच्या गप्पा मारत बसला.

खोकला परत आला तो तालमीत. मुलींना सूर देताना वहिनीला ठसका लागला आणि रुमालावर रक्त आलं.

दवाखान्यात तो बरोबर होता. त्यानंच गाडी काढली होती. डॉक्टर तरुण होता, पण थकलेला. त्यानं जुने कागद चाळले, नवा एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, "गोळ्या पूर्ण केल्या होत्यात?"

वहिनी त्याच्या हातातल्या कागदांकडे बघत राहिली.

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"मध्येच सोडल्या," वहिनी म्हणाली.

दादानं झटकन मान वळवली. "सोडल्या? तू तर मला रोज..."

"कधी सोडल्यात?"

"दोन महिन्यांनंतर."

"कोणी सांगितलं तुम्हाला सोडायला?"

भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र लावलं होतं. तो ते चित्र बघू लागला. तळव्याला तळवा, बोटांच्या बेचक्या, अंगठा. कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं त्याला कळत होतं.

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "बरं वाटत होतं."

"बरं वाटत होतं!" दादाचा आवाज चढला. "शिकलेली बाई तू! मुलांना शिकवतेस! बरं वाटत होतं म्हणे!" आयुष्यात कधी दादा तिच्यावर परक्यांसमोर ओरडला नव्हता. ती मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिली. डॉक्टरनं दादाला शांत केलं. मग सांगितलं, की जंतू औषधाला सरावलेत का ते तपासायला लागेल. सरावले असतील तर प्रकरण अवघड. आणि शाळेतल्या मुलींचीही तपासणी करावी लागेल.

या सगळ्यात त्यानं तोंडातून एक अक्षर काढलं नाही. परतताना गाडीत मागे वहिनी तोंडाला मास्क लावून बसली होती. समोरच्या छोट्या आरशात ती दिसू नये म्हणून त्यानं तो आरसा जरा वर ढकलला.

दुसऱ्या दिवशी तो तळमजल्यावर डॉक्टरबाईंकडे गेला. आपण का आलो हे त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, "बाई, एक शंका आहे. दोन महिन्यांत सगळे जंतू संपतात. मग कोणी औषध सोडलं, तर रोग परत कसा येतो? बाहेरून नवीन लागण होत असेल ना?"

बाईंनी त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. "सगळे संपतात असं कोणी सांगितलं?"

बाईंनी एका खणातून काच काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि त्याला स्टुलावर बसवलं. इतक्या दिवसांत तो या स्टुलावर पहिल्यांदाच बसत होता.

आधी नुसता गुलाबी-जांभळा गिचका दिसला. मग बाईंनी त्याचा हात चाकावर ठेवून फिरवायला लावला आणि चित्र जागेवर आलं. एक गोल. कडेला गडद दाणे दाटीवाटीनं उभे. "त्या टी-पेशी, जंतूशी लढणारी दुसरी फळी," बाई म्हणाल्या. त्यांच्या आत फिकट, पसरट पेशी एकमेकींना चिकटून. "तुमचे निळे ठिपके. बघा, ठिपके आहेत का ते?" नव्हते. एकमेकींत हात गुंतवून उभ्या राहिलेल्या बायांसारख्या दिसत होत्या त्या. काही फुगलेल्या, काही फुटलेल्या. आणि सगळ्यांच्या मधोमध काहीच नव्हतं. फिकट गुलाबी, भुसभुशीत, ओल्या खडूच्या चुऱ्यासारखं काहीतरी.

"ही जागा रिकामी आहे," तो म्हणाला.

"रिकामी नाही. तिथल्या पेशी मेल्यात. रक्त पोचत नाही, प्राणवायू पोचत नाही. आणि तिथेच काही जंतू असतात. उपाशी, गारठलेले, वाढ थांबवलेले. आपली बरीचशी औषधं जंतूला वाढतानाच मारतात. तो स्वतःच्या अंगाभोवती नवीन भिंत बांधायला लागला की औषध ती बांधू देत नाही. पण जो बांधतच नाही, त्याचं काय बिघडवणार? त्याला औषध लागू पडायला महिने जातात. पहिले दोन महिने जागे असलेल्यांसाठी. पुढचे चार या झोपलेल्यांसाठी. ते अर्ध्यात सोडलं की थोडे उरलेले कधीतरी जागे होतात." बाई थांबल्या. "हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही घातलंयत मॉडेलात."

तो सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावूनच बसून राहिला. डोळा काढला असता तर बाईंकडे बघावं लागलं असतं.

"घातलं होतं," तो शेवटी म्हणाला. "मग बंद केलं."

"कधी?"

"पाहुणे आले तेव्हा."

"म्हणजे तेव्हापासूनचे सगळे आलेख..."

"हो."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काच काढली, पुसली, खणात ठेवली. मग म्हणाल्या, "'मला कळत नाही' असं म्हणायला तुम्हाला एवढं जड का जातं? मी तीस वर्षं हे म्हणत आलेय."

वर जाऊन त्यानं नियम पुन्हा सुरू केला आणि प्रोग्राम पळायला लावला. संध्याकाळपर्यंत तो रखडत चालला होता. लाल ठिपके गेले. पण या वेळी गाठींच्या आत निजलेल्यांचे राखाडी ठिपके उरले. त्यानं दोन महिन्यांवर औषध थांबवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका गाठीची कड फुटली आणि एक राखाडी ठिपका लाल झाला. त्यानं पडदा बंद केला. यात नवीन काही नव्हतं. मॉडेलला जे सांगितलं तेच ते सांगत होतं. तेव्हाही आणि आताही.

तरीही त्यानं घरी लगेच सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. वहिनीची तब्येत आधीच नाजूक आहे, दादा आधीच चिडलाय, अशी कारणं मिळत होती. खरं कारण एकच. दादा त्याला विचारू लागला होता, आणि ते त्याला गमवायचं नव्हतं.

शाळेत मुलींची तपासणी होती त्या दिवशी तो तिकडे गेला. कशाला गेला हे त्यालाही सांगता आलं नसतं. कोणी बोलावलं नव्हतं. मैदानावर गाडी उभी होती आणि समूहगानाच्या मुली रांगेत होत्या. बाही वर केलेले बारीक बारीक हात. एक जण रडत होती आणि तिची मैत्रीण तिला सांगत होती, "मुंगी चावल्यासारखं होतं फक्त." फाटकाबाहेर पालक उभे होते.

"गाण्याच्या बाईंमुळे," एक जण म्हणाला. "गोळ्या टाकून दिल्या म्हणे."

"शिकलेल्यांना अक्कल नसते ती अशी," दुसरी एक बाई म्हणाली. "स्वतःचं काय ते करा, पण आमच्या पोरींना कशाला?" आणि त्याच्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमची पण मुलगी आहे का रांगेत?"

"नाही," तो म्हणाला. "मी... ओळखीचा आहे." कोणाचा, ते त्यानं सांगितलं नाही. वहिनीचा दीर आहे, हे म्हणायचीही त्याला लाज वाटली. आणि आपल्याला तिची लाज वाटली, हे कळल्यावर त्याला तिथे उभं राहवेना. ज्या माणसामुळे हे झालं तो फाटकाबाहेर ओळखीचा म्हणून उभा होता. आणि जिचं नाव चघळलं जात होतं ती घरात खिडकी उघडी टाकून एकटी बसली होती.

तो थेट दादाच्या घरी गेला. दादा दुकानातून जेवायला आलेला. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत. तो उभाच राहिला.

"वहिनींनी गोळ्या माझ्यामुळे सोडल्या," तो म्हणाला.

"भाऊजी, राहू द्या," वहिनी म्हणाली.

"नाही. ते मॉडेल चुकीचं होतं. त्यातला एक नियम मी बंद करून ठेवला होता, आणि त्याचा अर्थ काय हेच मला कळलेलं नव्हतं. जंतू उरतात. निजून राहतात. ते मला ठाऊक असायला हवं होतं. बाईंनी सांगितलंही होतं. आणि वहिनींनी मला दारात विचारलं तेव्हा मी हसलो."

दादा जेवायचा थांबला. मग म्हणाला, "चुकीचं मॉडेल मला समजत नाही. माझ्याकडूनही चष्म्याचे नंबर चुकतात. माणूस येतो, बदलून देतो." त्यानं ताट पुढे सरकवलं. "पण डॉक्टर विचारत होता, तेव्हा तू तिथे होतास. मी तिला नाही नाही ते बोललो. तू भिंतीकडे बघत होतास."

"हो."

"एवढंच मला समजतं."

दादा हात धुवून दुकानात निघून गेला. दार त्यानं नेहमीसारखंच लावलं, आपटलं नाही.

तो तिथेच उभा. वहिनी मास्कच्या आडून म्हणाली, "बसा. लांब बसा, पण बसा."

तो बसला.

"तुम्हाला वाटतंय मी तुम्हाला वाचवलं," ती म्हणाली. "तसं नाही काही. डॉक्टरना काय सांगू? लॅपटॉपवर ठिपके बघून औषध टाकलं म्हणून? मलाच लाज वाटली. आणि खरं सांगू, मला त्या गोळ्या नकोच होत्या. मला कोणीतरी 'सोडा' म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला नाहीत. मी तुमच्या हसण्यातून ते काढून घेतलं."

"मी हसायला नको होतं."

"नकोच होतं," वहिनी म्हणाली. ती त्याला नाही म्हणेल, समजूत काढेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं काढली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मुली कशा होत्या?"

"रांगेत होत्या. एक रडत होती."

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

मुलींपैकी दोघींना लागण निघाली. आजार नव्हता. त्यांच्याही अंगात जंतू निजलेलाच होता. त्यांना काही महिने प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू झाल्या. वहिनीचे जंतू औषधाला सरावलेले निघाले नाहीत. हे नशीब, यात कोणाचंच कर्तृत्व नाही. पण उपचार पहिल्यापासून करावे लागले, आणि फुप्फुसाचा वरचा भाग आक्रसून गेला तो गेलाच.

संस्थेत त्यानं संचालकांना सांगितलं. आलेख मागे घ्यावे लागले. पुढच्या सभेत ते बाईंनी सांगावं असं संचालक म्हणाले, मोठ्या माणसाच्या तोंडून बरं दिसतं म्हणून. बाई म्हणाल्या, "ज्यानं टाळ्या घेतल्या त्यानं सांगावं." त्यानं सांगितलं. सभागृहात पहिल्या रांगेत तेच पाहुणे होते. कोणी काही वाईट बोललं नाही. एकानं घड्याळात बघितलं, एवढंच. ठिपकेवाला हे नाव हळूहळू बंद पडलं. दुसरं कुठलं नाव पडलं असेल तर ते त्याच्या कानावर आलं नाही.

पडद्याखालची पुस्तकं त्यानं काढली. ती त्याला एकट्याला कळेनात, तेव्हा बाईंनी त्याला आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसायला सांगितलं. तो मागच्या बाकावर बसे. पुढे विशीतली मुलं-मुली. पेशीच्या आत आम्ल कुठे तयार होतं, असं बाईंनी एकदा विचारलं आणि नेमकं त्याच्याकडे बोट केलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. पोरं वळून बघायला लागली. चाळिशीला आलेल्या माणसाचे कान असे लाल होतात हे त्यांना नवीन असावं. बाई म्हणाल्या, "ठीक. लिहून घ्या," आणि पुढे गेल्या.

दादा त्याच्याशी बोलू लागला, पण कामापुरतं. गाडी किती वाजता आणशील, पावती घेतलीस का. सल्ला म्हणून काही विचारत नसे. वहिनीच्या प्रत्येक तपासणीला मात्र तो गाडी घेऊन हजर असे, आणि दादानं कधी येऊ नको म्हटलं नाही.

शेवटच्या तपासणीला तिघं गेले. डॉक्टर तोच, अजून थकलेला. एक्स-रे उजेडावर धरून म्हणाला, रोग बरा झालाय. वरची ही पांढरी रेघ म्हणजे व्रण, ती राहणार. दम लागेल. गायचं असेल तर गा, पण छोट्या ओळी.

वहिनीनं मान डोलावली. शाळेनं तिला परत घेतलं होतं, पण समूहगान दुसऱ्या बाईंकडे गेलं होतं. ती आता लहान वर्गांना ताल शिकवायची.

तपासणी होईपर्यंत दवाखान्यातली लिफ्ट बंद पडली होती. उतरताना काही वाटलं नाही, पण घरी पोचल्यावर तीन मजले चढायचे होते. दादा पुढे दार उघडायला गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वहिनी कठड्याला धरून थांबली. छाती वरखाली होत होती. तिच्याकडे बघत उभं राहणं त्याला बरं वाटेना आणि पुढे जाणंही. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला घेतल्यासारखं करू लागला.

वहिनीनं थोडा वेळ ते बघितलं.

"भाऊजी," ती श्वास घेत घेत म्हणाली, "चपलेला नाडी नसते."

त्यानं खाली बघितलं. नव्हतीच. वहिनी हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला, साधाच, कोरडा. वरून दादानं हाक मारली, "काय झालं रे?"

"काही नाही," तो म्हणाला. मग त्याला ते उत्तर बरं वाटलं नाही. "वहिनींना दम लागलाय," तो मोठ्यानं म्हणाला. "आम्ही थांबलोय."

"थांबा मग," दादा वरून म्हणाला. "घाई नाही."

ते थांबले.